आजाऱ्याचा वाटा

वेसाव्याच्या कोळीवाड्यात मथुराला न ओळखणारं माणूस सापडणं कठीण. तिच्याशी वाद घालून जिंकलेलं माणूस सापडणं त्याहून कठीण. तिची आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. आईच्या मागे पाटावर बसून मथुरा बोलायला शिकली, त्यामुळे तिचं बोलणं पहिल्यापासूनच चार गिऱ्हाइकांना एकदम ऐकू जाईल असं. लग्नानंतर काही वर्षं तिनेही टोपली घेतली. पुढे अंधेरीच्या एम.आय.डी.सी.त कोळंबी सोलून परदेशी पाठवायची फॅक्टरी निघाली, तेव्हा दारोदार ओरडण्यापेक्षा महिन्याचा पगार बरा म्हणून ती तिथे लागली. बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलायची. डोकं वेगळं, टरफल वेगळं, पाठीतला काळा दोरा वेगळा. दुपारपर्यंत बोटं पांढरीफटक पडायची. बाकीच्या बायका हातांवर फुंकर घालत बसायच्या. मथुराचे हातही चालायचे आणि तोंडही. तोंड जरा जास्तच.

सत्त्याऐंशी साली कंपनीने तिला सुपरवायझर केलं. पांढरा डगला, गमबूट, केसांवर जाळीची टोपी. डगला फॅक्टरीबाहेर न्यायची परवानगी नव्हती, नाहीतर तिने तो शिमग्याला घालून मिरवला असता. कोळीवाड्यात ‘मथुरा म्याडम झाली’ म्हणून बायकांनी चेष्टा केली, आणि तिने ती चेष्टा सत्कारासारखी घेतली. का नाही घ्यायची? आपल्या हातांनी वर चढलेल्या माणसाने उगाच मान खाली घालून चालावं असं तिला कधी वाटलं नाही.

पण या बढतीला एक शेपूट होतं. कामगार होती तोवर तिच्याकडे कामगार विम्याचं कार्ड होतं. त्यावर दवाखाना, औषधं, वेळ पडली तर इस्पितळ, सगळं घरच्यांसकट. पगार ठरावीक रकमेच्या वर गेला की ते कार्ड बंद. मथुराचा गेला. आता ती स्टाफ, आणि स्टाफसाठी कंपनीने त्या वर्षी मेडिक्लेम नावाचं काहीतरी नवीन आणलं होतं. अर्धे पैसे कंपनी भरणार, अर्धे पगारातून कापणार. घ्यायचं की नाही ते तिने महिनाअखेरपर्यंत सांगायचं होतं.

हे समजावून द्यायचं काम पर्सोनेलच्या विद्याधरकडे होतं. विद्याधर मुलुंडचा, सज्जन माणूस. कुणाला नाही म्हणायची वेळ आली की त्यालाच घाम फुटायचा.

“म्हणजे काय आहे, मथुराबाई,” त्याने सुरुवात केली, “तुम्ही, तुमचे मिस्टर, मुलगी, कुणालाही हॉस्पिटलात ठेवायची वेळ आली तर खर्च इन्शुरन्सवाले देणार. प्रायव्हेट नर्सिंग होमसुद्धा चालेल. कॉट मिळते का बघत फिरायला नको.”

“आणि नाय पडलं कोण आजारी तर?”

“तर उत्तमच की!”

“ते उत्तम मला पण कळतं, साहेब. पैसे किती परत?”

“परत नाही मिळत.”

“एल.आय.सी.वाले तर देतात.”

“ते आयुष्याचं असतं. हे आजारपणाचं.”

“म्हणजे ठणठणीत राहिला त्याचं नुकसान,” मथुरा म्हणाली. “झकास. पुढे बोला.”

विद्याधर पुढे बोलला आणि तिथेच घोडं अडलं. काही आजार पहिल्या वर्षी बसत नव्हते. मोतीबिंदू, मूळव्याध, हर्निया. आणि आधीपासून असलेलं दुखणं तर धरतच नव्हते.

“हर्निया नाय?” मथुराने विचारलं. तिचा आवाज खाली आल्याचं विद्याधरनेही पाहिलं.

मथुराच्या घरात आजार असा एकच होता आणि तो नेमका तोच होता. तिचा नवरा अनंता कुंडलिक तांडेलाच्या बोटीवर खलाशी. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरचा मुख्य. डोलीचं पिशवीसारखं जाळं, भरतीच्या जोरात तटतटलेलं, वर्षानुवर्षं ओढून अनंताच्या जांघेत गाठ आली होती. कोळीवाड्यात त्याला ‘आतडं उतरलं’ म्हणतात. अनंता कमरेच्या रुमालाखाली फडकं करकचून बांधायचा आणि दर्यावर जायचा. अंधेरीच्या डॉक्टरने बघून सरळ सांगितलं होतं, ऑपरेशन करून घ्या. जाळं ओढताना आतडं अडकलं तर किनाऱ्याला येईपर्यंत माणूस हाती लागायचा नाही. मथुरा कुणाला घाबरत नसे, पण त्या एका वाक्याला घाबरायची. बोट निघाली की ते वाक्य तिच्या डोक्यात फिरायला लागायचं, ते बोट परत दिसेपर्यंत.

अडचण पैशांची होती असं नाही. कामगार विम्याचं कार्ड होतं तेव्हा तिने एकदा इस्पितळात त्याच्यासाठी तारीख घेतली होती, तर हा पठ्ठ्या पहाटेच बोटीवर पळाला. म्युनिसिपालिटीचं इस्पितळही होतंच की. अडचण अनंताच्या डोक्यात होती. ऑपरेशननंतर कित्येक महिने जाळ्याला हात लावायचा नाही, आणि तितके महिने बसून खायचं, हे त्याला मान्य नव्हतं.

विद्याधरच्या शेजारच्या टेबलावर मधुकर नावाचा क्लार्क बसायचा. दुसऱ्याच्या बोलण्यात नाक खुपसल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. मथुरा उठून चालली तसा तो हळूच म्हणाला, “बाई, हर्नियाचं सांगूच नका ना. वर्षभर दम धरा, मग आत्ताच झाला म्हणायचं. कोण बघायला येतंय?”

“अरे मधुकर,” मथुरा म्हणाली, “अख्ख्या वेसाव्याला म्हायती आहे. इन्शुरन्सवाला नुसता बस स्टॉपवर उतरला तर पोरंच त्याला घरापर्यंत आणून सोडतील.”

सगळे हसले. मधुकरही हसला. पण मथुराचं खरं कारण ते नव्हतं. खोटं बोलायला ती काही कचरणारी नव्हती. बाजारात वाढलेल्या बाईला एवढंतेवढं येतंच. पण ती गाठ आणखी वर्षभर दर्यावर पाठवायची आणि आपण घरी कॅलेंडरकडे बघत बसायचं, नवऱ्याच्या जिवावर असला जुगार तिच्याने खेळवणार नव्हता. तो विचार तिने तिथल्या तिथे टाकून दिला.

मग उरलं काय? घरात जे दुखणं आहे त्याला हे लोक देणार नाहीत. जे नाही त्याच्यासाठी दर महिन्याला कापणार. सोलायच्या हॉलमधल्या बायकांनी तर निकालच लावला. “आजार नाय नि आजाराचे पैसे भरायचे? आ बैल मुझे मार!” मथुरालाही ते पटलं होतं. नाही म्हणून सांगायला ती दुसऱ्या दिवशी विद्याधरकडे गेली, आणि जाता जाता, उगाच, भाव नाही पटला तरी मासा उलटा करून बघावा तसं तिने विचारलं, “साहेब, जे आजारी पडत नाय, त्यांच्या पैशांचं इन्शुरन्सवाले करतात काय?”

“जे पडतात त्यांना देतात,” विद्याधर म्हणाला. “म्हणजे काय आहे, सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं आणि ज्याच्यावर वेळ आली त्याने घ्यायचं. एवढंच आहे ते.”

मथुरा खुर्चीत परत बसली. “मग हा तर आजाऱ्याचा वाटा!”

सगळ्या बोटींवर ही रीत असते असं नाही, पण कुंडलिकच्या बोटीवर त्याच्या बापापासून होती. मासळी विकली की बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, आणि मग खलाशांचे. खलाशी आजारी पडला, हात मोडला, तापाने निजला, तरी त्याचा वाटा पडायचाच. बोटीवर हात एक कमी असायचा, तेवढं काम बाकीचे ओढायचे, आणि वाटा मात्र आजाऱ्याच्या घरी जायचा. पोचवायला दर वेळी दुसरा खलाशी जायचा, बसून चहा प्यायचा, माणूस कसा आहे ते बघून यायचा. ते बघून येणं मथुराच्या लेखी वाट्याइतकंच महत्त्वाचं होतं.

म्हणून तिचा पुढचा प्रश्न तिच्या दृष्टीने अगदी सरळ होता. “तर मग या वर्षी कोण पडलं आजारी?”

“अं?”

“नाव सांगा ना. जाऊन बघून येते.”

विद्याधरला घाम फुटला. त्याने सांगून बघितलं की अशी हजारो माणसं असतात, कुठे कुठे असतात, ती कुणाला ठाऊक नसतात, आणि आजाऱ्याला भेटून यायचं असं त्या योजनेत कुठे लिहिलेलं नाही. मथुराला यातलं काही पटेना. वाटा घालायचा आणि तो कुणाच्या घरी गेला ते विचारायचं पण नाही? “देशातली हजारो माणसं राहू द्या,” ती म्हणाली. “आपल्या ऑफिसातलं कोण?”

आपल्या ऑफिसातला होता अकाउंट्समधला राजाराम. त्याची बायको शकु आजारी पडली होती. विद्याधरने आधी त्याला विचारलं. राजाराम हसत म्हणाला, “येऊ देत की. शकुला तरी कुठे कोण येतं-जातं.” तो घाटकोपरला राहत होता. त्या रविवारी त्याला स्टॉक मोजायला फॅक्टरीत यायचं होतं, पण बायको घरी असेल म्हणाला.

आता, आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जायचं नसतं. मथुराने रविवारी सकाळी किनाऱ्यावरून पापलेटं निवडून घेतली, अशी की ताटात मावायची नाहीत. केळीच्या पानात गुंडाळून, वर ओला कपडा घालून, टोपली मांडीवर घेऊन ती घाटकोपरच्या बसमध्ये बसली. शेजारचा माणूस उठून पुढे जाऊन उभा राहिला. मथुरा ऐसपैस बसली.

राजारामने बिल्डिंगचा पत्ता सांगितला होता, एक गोष्ट तेवढी सांगायला विसरला होता. ती बिल्डिंग तळमजल्यापासून गच्चीपर्यंत गुजराती होती. दारादारावर तोरणं, जिन्यात तुपाच्या फोडणीचा वास. मथुरा एकेक मजला चढत गेली तशी मागे एकेक दार उघडून बंद होत गेलं. तिला वाटलं, डोकावून बघायची इथल्या लोकांना सवयच दिसते.

शकुने दार उघडलं. बारीक, सावळी, कपाळावर मोठं कुंकू. तिने मथुराकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि तिचा चेहराच उतरला.

“अगो बाय माझे! ह्यां काय हाडलास? आत ये, आत ये आधी!”

मथुराला आत ओढून तिने दाराला कडी घातली, खिडक्या लावल्या, उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवला. मग सांगितलं. ती मालवणकडची. ही भाड्याची जागा मिळाली तीच मासे-मटण शिजवणार नाही असं कबूल करून. लग्न होऊन आल्यापासून या स्वयंपाकघरात मासा शिरला नव्हता. गावी गेलं की तेवढं खायचं, नाहीतर कधीमधी बहिणीकडे. मथुरा कानकोंडी झाली. अशी वेळ तिच्यावर वर्षातून एखाद्या वेळी यायची.

“मग नेते परत,” ती म्हणाली. “मला कुठं म्हायती.”

शकुने ओला कपडा उचलला आणि एका पापलेटाच्या पाठीवर बोट फिरवलं. डोळे भरून आले तिचे. “माका आत्ता कोणी फासार दिल्यान तरी चलात,” ती म्हणाली आणि तवा काढला.

पहिली तुकडी तव्यावर चुरचुरली असेल नसेल, दारावर थाप पडली. शकुने तव्यावर झाकण ठेवलं. मथुराने पदर खोचला आणि जाऊन दार चारच बोटं उघडलं. समोरच्या शेठाणीबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. “शकुबेन नथी? गटर भर गया है क्या?”

“हां बेन,” मथुरा म्हणाली, “म्युनिसिपालटी को बोला है. आदमी आता है.”

पापलेटाला कुणी गटार म्हणावं आणि मथुराने ते मुकाट गिळावं, असं आधी कधी झालं नव्हतं आणि पुन्हा होणार नाही. पण दार लावून ती वळली तेव्हा शकु ओट्याला धरून, तोंडात पदर कोंबून हसत होती. मथुराही हसायला लागली. दोघी हसून हसून खाली बसल्या आणि तिथेच जमिनीवर बसून जेवल्या.

जेवताना शकुने आजारपणाचं सांगितलं. पोटात दुखत होतं, तिने ओवा खाल्ला, शेक घेतला, अंगावर काढलं. आत अपेंडिक्स फुटलं होतं. राजाराम घरी आला तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. जवळच्या नर्सिंग होममध्ये उचलून नेली, ताबडतोब ऑपरेशन झालं. कुठे न्यायचं, कसं भागवायचं, याचा विचार करत राजाराम बसला असता तर ती आज नसती, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. आणि राजारामला विचार करत बसावं लागलं नाही, कारण विद्याधरने मागे लागून लागून त्याला वर्षाच्या सुरुवातीला मेडिक्लेम घ्यायला लावलं होतं.

“बरां झालां,” मथुराने तिच्याच सुरात म्हटलं.

“बरां झालां गो. पण खरां सांगू?” शकुने ताटात बोट फिरवलं. “माका लाज वाटली. ह्यांचे कापलेले ते एवढे आणि मिळाले ते एवढे. ज्येंच्या पैशान मी वाचलंय ते कोण, खंयचे, माका ठाऊक नाय. फुकटचां घेतल्यासारखां वाटता. रात-दिवस वाटता.”

“लाज?” मथुरा म्हणाली. तिचा आवाज चढला. खिडक्या लावलेल्या होत्या ते बरं झालं. “लाज कसली गं? तुझा नवरा भरत होता तेव्हा त्याच्या पैशाने कोणतरी दुसरं बरं होत होतं. तेव्हा तो मिशीला पीळ देत फिरला का, की बघा, मी वाचवला? नाय ना? मग घेणाऱ्याने तोंड का लपवायचं? घालायचा आपला दिवस असतो तसा घ्यायचा पण असतो. जो नुसता घालतो नि घेत नाय, तो स्वतःला देवमाणूस समजतो आणि बाकीच्यांना भिकारी!”

बोलली आणि एकदम गप्प झाली. शकुला वाटलं, घास अडकला. तिने पाणी पुढे केलं.

घास अडकला नव्हता. मथुराला अनंता आठवला होता. त्याच्या डोक्यातलं मर्म हेच होतं, आणि ते तिला आज, परक्या बाईशी बोलताना सापडलं होतं. इतकी वर्षं ती त्याला काय सांगत आली? मरशील. मला विधवा करशील. पोरीच्या लग्नाला बाप असायचा नाय. रडली, ओरडली, अन्न सोडलं. त्याला मरणाची भीती दाखवत राहिली आणि तो मरणाला भीत नव्हताच. तो भीत होता वाट्याला. आपण घरात निजलोय आणि बोटीवरचा महादू दारात आपला वाटा घेऊन उभा आहे, हे चित्र त्याला सोसत नव्हतं. परतीच्या बसमध्ये मथुरा मोकळी टोपली मांडीवर घेऊन बसली होती आणि आपल्यालाच शिव्या घालत होती.

सोमवारी तिने विद्याधरकडे जाऊन सांगितलं, लिहा माझं नाव.

“नक्की ना?” विद्याधरला नीट खात्री करून घ्यायची होती. “म्हणजे काय आहे, तुमच्या मिस्टरांचा हर्निया यात बसणार नाही हं. नंतर तुम्ही मला...”

“म्हायती आहे. तो पण लिहा. चांगला ठळक लिहा, साहेब, लपवायचं काय नाय.”

“मग कशासाठी घेताय?” न राहवून मधुकरने विचारलं.

“घाटकोपरला एक बाई आहे,” मथुरा म्हणाली, “तिला लाज वाटते. तिचा वाटा मी घातला असं समज.” मधुकरला काही कळलं नाही. चहा मात्र त्याने गार होऊ दिला.

संध्याकाळी ती घरी न जाता थेट किनाऱ्यावर गेली. बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या रांगांपलीकडे अनंता जाळं दुरुस्त करत बसला होता. बसला होता तोही एका कुशीवर झुकून; सरळ बसलं की गाठ दुखायची. मथुरा त्याच्यासमोर वाळूत बसली. ती ओरडली नाही याचंच त्याला पहिल्यांदा नवल वाटलं असावं, कारण त्याने हातातली सुई थांबवली.

“चंदूला कावीळ झालेली, आठवतं?” ती म्हणाली. “अख्खा हंगाम निजून होता. त्याच्या वाटचा काम कोणी ओढला?”

“आमी सगळ्यांनी.”

“महादूचा पाय मोडला तवा?”

“आमीच. काय इचारतेस?”

“तवा तुना वाटला का रं, की महादू फुकटचा खातो?”

अनंताला रागच आला. “असा कोण बोलल? आजारी व्हता तो!”

“नि तू काय नवरदेव हायस?”

तो जाळ्याकडे वळला. “ते येगळं. मी बसून खाऊ काय, बाकीचे ओढतील नि? मना नाय जमायचा.”

“म्हंजे महादूने खाल्ला तो चालला. तू खाणार नाय. तू मोठा नि तो लहान.”

“मी असा कवा म्हटला?”

“रोज म्हणतोस,” मथुरा म्हणाली. “दर टायमाला बोटीवर चढतोस तवा म्हणतोस. जवान झाल्यापासून तू वाटा घालतोस, अनंता. या किनाऱ्यावर तुझ्याएवढा कोणी घातला नसंल. घेतला एकदा पण नाय. तो तुझा हाय, तुझ्याच घामाचा हाय. आता त्यांना पण घालू दे की जरा. त्यांनी जन्मभर तुझाच खायचा नि तुना काय द्यायचा नाय? महादूला कसा वाटत असंल, इचारलंस कवा?”

वादात हरला की अनंता उठून जायचा. आज उठला नाही. त्याने विचारलं, “तुझ्या त्या कंपनीच्या इम्याचा काय झाला?”

“नाव दिला आज.”

“माझा दुखणा घेत नाय ना ते?”

“नाय घेत.”

“मग?”

“दुसऱ्या कोणाचा घेतील. पैसे त्याच्याकडे जातील.”

“नि आपल्या घरात कवा काय झालाच नाय तर? सगळा बुडाला ना तुझा.”

“बुडू दे,” मथुरा म्हणाली, आणि एवढा वेळ ताब्यात ठेवलेला तिचा आवाज फाटला. “माझा एकूणएक पैसा बुडू दे रं. त्याच्यासाठीच भरतेय मी. तू हातीपायी धड राहा, पोर धड राहू दे, नि माझा पैसा दर वर्षाला बुडू दे.”

अनंताने तिच्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, भाव केल्याशिवाय मिठाचा खडा न घेणारी ही बाई. त्याने सुई जाळ्यात खोचून ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. उठताना त्याचा चेहरा कळवळला, तो या वेळी त्याने लपवला नाही.

कुंडलिक तांडेल बोटीजवळ दोरखंड गुंडाळत उभा होता. उद्यापासून उधाणाचे दिवस, डोलीला भरपूर मासळी लागायचे. अनंता त्याच्यापर्यंत चालत गेला. मथुरा मागे थोडी दूर थांबली, पण ऐकू येईल इतकी जवळ.

“कुंडलिक, उद्याला मी नाय,” अनंता म्हणाला. “आतड्याचा करून घेतो. या हंगामाला हात लावता येल असा वाटत नाय.”

कुंडलिकने दोरखंड खाली ठेवला. “उद्याच भरती होतोस का? महादूला पाठवतो संगती. नि वाटा घरी येल.”

अनंता खाली वाळूत बघत राहिला. पायाच्या अंगठ्याने त्याने एक शिंपला उकरला. कुंडलिकलाही ठाऊक होतं की ‘वाटा’ या शब्दाला हा माणूस आजवर दर वेळी पाठ फिरवून गेला आहे, म्हणून तो वाट बघत थांबला.

“पाठव,” अनंता म्हणाला.